मालवणच्या पाण्याखाली

दिल्लीच्या आर. के. पुरममधील सरकारी वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना पाण्याची ओळख होते ती नळाच्या ठरलेल्या वेळेवरून आणि उन्हाळ्यात खिडकीत घरघरणाऱ्या कूलरवरून. आमची अकरा वर्षांची कन्याही त्यांपैकीच. मलै मंदिराच्या टेकडीवर चढले की तिला जग फार मोठे वाटे. समुद्र मात्र तिने चित्रातच पाहिला होता. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही हजरत निजामुद्दीन स्थानकावर गाडी धरली आणि कोकण रेल्वेने सिंधुदुर्ग जिल्ह्यात येऊन मालवण गाठले.

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू करविले. चोहोंकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! किल्ला पाहून आम्ही एका लहान होडीत बसलो व जवळच्या खडकांकडे निघालो. पावसाळ्यातला गाळ खाली बसला की हिवाळ्यात येथले पाणी निवळते. आमचा नावाडी पिढीजात मासेमारी करणारा. आता मोसमात पाहुण्यांना समुद्राचा तळही दाखवी. त्याने बराच वेळ पाण्यात निरखून पाहिले आणि वाळू दिसली तेथेच नांगर टाकला. एवढी चिकित्सा कशासाठी, हे तेव्हा मला कळले नाही.

साधने अगदी साधी होती. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची स्नॉर्केल नावाची वाकडी नळी, आणि अंगात तरंगण्याचे जाकीट. नळी याहून लांब का नाही, असे कन्येने विचारले. माणूस जसजसा खोल जातो तसतसा पाण्याचा दाब छातीवर वाढत जातो, आणि मग वरची हवा आत ओढणे फुप्फुसांना जमत नाही. म्हणून ही नळी फार लांब नसते व पोहणाऱ्याने पाण्याच्या पृष्ठभागावरच राहावयाचे असते. हे सारे समजूनही प्रत्यक्ष पाण्यात उतरताच तिने होडीची कड घट्ट धरली. नावाडी हसून म्हणाला, “बाय, घाबरा नको. आंग सैल सोड. पाणीच तुका धरतला.” काही क्षणांनी तिची बोटे सुटली, मस्तक पाण्यात गेले, आणि नळीतून तिच्या आनंदाचा एक विचित्र हुंकार ऐकू आला.

मीही वाकून पाहिले. चित्रांतील लाल-जांभळी बाग तेथे नव्हती. होते ते मातकट, हिरवट गोल गोटे, आणि त्यांभोवती पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या लहान माशांचे थवे. पाण्यात प्रकाश वळत असल्यामुळे सारे हाताशी आल्यासारखे मोठे दिसत होते. पाहता पाहता मी दमलो आणि जवळच्या एका गोट्यावर पाय टेकला. तोच नावाड्याचा आवाज कडाडला, “पाय ठेव नकात! ता दगड न्हय, ता जित्ता आसा!”

होडीत परतल्यावर कन्येने मला प्रश्न विचारले नाहीत. ती नुसती माझ्या पायाकडे पाहत राहिली. तो गोटा म्हणजे प्रवाळ होता. हजारो इवल्या जिवांनी चुन्याची घरे रचून तो बनविलेला असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व यजमानाला वाटा देते. समुद्र फार तापला की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि ताप टिकल्यास मरते. असे गोटे वर्षाला काही मिलिमीटर एवढेच वाढतात. म्हणजे माझ्या एका पावलाखाली कदाचित वर्षांची मेहनत चिरडली असेल. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. पण अशा कायद्याचे अखेरचे पालन नांगर कोठे टाकावा हे जाणणाऱ्या नावाड्याच्या आणि पाय वर उचलणाऱ्या पाहुण्याच्या हाती असते.

नावाड्याची मी क्षमा मागितली. तो म्हणाला, हे खडक राहिले तर मासे राहतील, आणि मासे राहिले तर आम्ही. बोलण्यात राग नव्हता; हिशोब होता.

तेथे जाणाऱ्यांनी जाकीट काढू नये, माशांना पाव घालू नये, आणि दमल्यास होडीला धरावे. आमच्या वसाहतीतल्या मुलांना कन्या हल्ली समुद्राची हकीकत सांगते. किल्ला, होडी, मासे सारे येते, पण शेवटी ती आवाज खाली आणून म्हणते, “आणि तो दगड नव्हता बरं का.” त्या वाक्यापाशी मी दरवेळी वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो.