आषाढात मी कुठे होतो



आमचे घर कराडचे, आणि घरात मृदंग तीन पिढ्यांचा. आजोबांनी वाजवला, वडिलांनी वाजवला. माझ्या हाताला बोल लागले ते कृष्णा-कोयनेच्या संगमावर, वडिलांच्या मांडीशी बसून. आमची दिंडी आळंदीला जाऊन माउलींच्या सोहळ्यात चालते. वडील मृदंगावर, शेजारी विणेकरी, आणि त्यांच्यामागून कळशी घेऊन चालणारी आई, असे चित्र मी लहानपणापासून पाहत आलो. पुढे मी पखवाज रीतसर शिकलो, गायकांच्या साथीला बसू लागलो, आणि परदेशची बोलावणी सुरू झाली. इथेच घोटाळा झाला. तिकडच्या संगीताचा हंगाम जून-जुलैचा आणि आपल्या वारीचा हंगामही तोच. सलग अकरा आषाढ मी घरी नव्हतो.

"अभंगच वाजवतोस ना तिकडे? मग झाले," असे वडील म्हणायचे. पण ते 'मग झाले' नीट झालेले नाही, हे त्यांच्या आवाजातून कळायचे.

या दौऱ्यांत मोठी सभागृहे पुष्कळ पाहिली, आणि त्यांतले आज फारसे आठवत नाही. लक्षात राहिली ती मधल्या सुट्टीच्या दिवसांत गाठ पडलेली लहान लहान वस्त्यांतली माणसे. जगाची रीत सोडून आपल्या रीतीने एकत्र राहू पाहणारी ही माणसे. यजमान कलावंत मंडळी आम्हांला तिकडे घेऊन जात आणि आम्ही कुठे कुठे वाजवतही असू.

पहिली वस्ती डेन्मार्कची, क्रिस्टियानिया. कोपनहेगन शहराच्या मध्याजवळ लष्कराच्या रिकाम्या पडलेल्या बराकी होत्या. 1971 च्या सप्टेंबरात काही तरुण त्यांत शिरले आणि आमचे गाव आता स्वतंत्र, असे जाहीर करून राहिले. आज तिथे हजाराच्या आतबाहेर माणसे राहतात. मोटारगाडीला आत मज्जाव आहे. पुढे मोठे खोके बसवलेल्या सायकलीवरून मुले, भाजी, लाकूड, सगळे वाहतात. मी 2014 च्या जूनमध्ये गेलो. घर कुणाच्या मालकीचे नाही, रिकामे झाले की त्यात कोण राहणार ते त्या आळीतली माणसे ठरवतात. सभेत हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बसायचे. गांजा-चरस मात्र भर रस्त्यात मांडून विकत होते. माझ्या गळ्यात माळ. त्या रस्त्याने मी झपझप चालत गेलो, आणि हे मला मुळीच आवडले नाही, असे यजमानांना तोंडावर सांगितले. पुढे तिथे खूनखराबाही झाला आणि 2024 च्या एप्रिलमध्ये रहिवाशांनीच त्या रस्त्याचे दगड उखडून काढले, तेव्हा मला बरे वाटले.

तिथे एक गंमत झाली. पखवाजाच्या धुम्याला लावायला कणीक हवी होती. भटारखान्यातल्या बाईने मोठ्या प्रेमाने मळलेला गोळा दिला. मी लावला आणि वाजवायला बसलो. गोळ्यात खमीर होते! दिव्यांच्या उष्णतेने तो फुगू लागला आणि धुमा दर दहा मिनिटांनी नवेच काही बोलू लागला. गायक माझ्याकडे बघतात, मी पिठाकडे बघतो.

कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन बसले. बराकींत शिरलेल्या पहिल्या मुलांपैकी ते एक होते. मी त्यांना वारीचे सांगितले: लाखो माणसे, अडीचशे किलोमीटर वाट, अठरा-वीस दिवसांचे मुक्काम. त्यांचा पहिला प्रश्न होता, "भांडण झाले तर कुठे जाता?"

मी सांगितले की रोज संध्याकाळी तळावर समाज आरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करून हाळी देतात आणि एका क्षणात सगळे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि निवाडा होतो. त्यानंतर आरती. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त घालून दिली. ती आजही चालते.

म्हातारा कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या सभा रात्रभर चालतात. सगळेच एकदम बोलतात. ज्याची तक्रार नाही त्याने गप्प बसायचे, हे आम्हांला सुचलेच नाही."

आपल्याकडे सगळे गोडच आहे असे मी त्यांना सांगितले नाही. दिंडीच्या क्रमावरून आपल्यात काय काय होते ते तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला फिंडहॉर्न म्हणून ठिकाण आहे. तिथे एकच दिवस होतो. 1962 मध्ये तीन मोठी माणसे आणि तीन मुले एका कॅरॅव्हॅनमध्ये येऊन राहिली, समुद्रकाठच्या वाळूत भाजीपाला पिकवला, आणि त्यातून गाव उभे राहिले. व्हिस्कीच्या मोठ्या लाकडी पिंपांची केलेली घरे तिथे पाहिली. स्वयंपाकघरात कामाला लागण्याआधी सगळे हात धरून डोळे मिटून उभे राहतात. छान वाटले. पण तिथली बहुतेक डोकी पांढरी होती. 2021 मध्ये त्यांचे प्रार्थनाघर आगीत गेले आणि 2023 मध्ये तिथल्या संस्थेने आपली शिबिरे थांबवली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती फ्रान्समधल्या तेझे गावाची.

1940 साली, युद्ध चालू असताना, रोजे नावाचा पंचविशीतला तरुण या खेड्यात आला आणि त्याने निर्वासितांना आसरा दिला. पुढे त्याच्याभोवती व्रतस्थ बंधूंचा संघ जमला. ते ख्रिस्ती आहेत, पण त्यांच्यात वेगवेगळ्या पंथांची माणसे एकत्र राहतात. आम्हां वारकऱ्यांना त्यात नवल वाटू नये. हे बंधू देणगी घेत नाहीत. मातीची भांडी करतात, पुस्तके छापतात आणि त्यावर राहतात. वाडवडिलांचा वाटा मिळाला तर तोही स्वतःसाठी ठेवत नाहीत. 2005 मध्ये, नव्वद वर्षांचे झालेले बंधू रोजे सायंप्रार्थनेला बसलेले असताना एका मनोरुग्ण बाईने त्यांच्यावर चाकूने वार केला आणि ते तिथेच गेले.

मी 2018 च्या जुलैत, दुसऱ्या आठवड्यात तिथे होतो. कार्यक्रम नव्हता, दोन मैफलींच्या मधे चार दिवस मोकळे होते. उन्हाळ्यात तिथे दर आठवड्याला हजारो तरुण येतात. माळरानावर तंबू. घंटा झाली की सगळे देवळात जमिनीवर बसतात. गाणे दोन ओळींचे, आणि तेच पुन्हा पुन्हा, पाच मिनिटे, दहा मिनिटे. जर्मन पोर, पोलंडची पोर, आफ्रिकेतला मुलगा, सगळे तेच म्हणतात. मग बराच वेळ नुसती शांतता. कुणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्यांची इतकी सवय झालेला मी, गाणे संपल्यावर काय करावे हेच मला कळेना. बोटे मात्र गुडघ्यावर आपोआप भजनी ठेका धरून होती.

तिथे पाहुणा कुणी नाही. प्रत्येकाला काम. माझ्या वाट्याला भांडी आली. दुपारी जेवणानंतर शेकडो वाडगे आणि ताटे. आम्ही दहा-बारा जण गरम पाण्याच्या हौदांभोवती उभे, आणि पोरे तीच दोन ओळींची गाणी म्हणत होती. हात पुसून मी वडिलांना फोन लावला. त्यांचे वय झाले होते, तरी त्या वर्षीही ते चालत होते. माउलींचे नीरास्नान झाले होते आणि दिंडी लोणंदच्या तळाकडे सरकत होती. वारीत फोन लागत नाही. त्या दिवशी लागला.

"कुणाचे भजन चालले आहे?" त्यांनी आधी तेच विचारले.

मी सांगितले.

"लय धीमी आहे, पण घट्ट आहे. तू वाजवत का नाहीस?"

"इथे वाद्य लागत नाही, दादा."

"मग तू काय करतोस तिथे?"

"भांडी घासतोय."

ते मोठ्याने हसले. "घरी कधी वाटी विसळली नाहीस रे." मग आवाज खाली आला. "पुढच्या वर्षी ये. माझे गुडघे आता एखादीच वारी काढतील."

आमचे कराड म्हणजे सखूचे गाव. तिला सासरी खांबाला बांधून ठेवले, आणि पांडुरंग तिच्या रूपाने येऊन स्वतःला बांधून घेऊन उभा राहिला. ती पंढरीला गेली, आणि इकडे देवाने दळण-कांडण केले, पाणी भरले, भांडी घासली. लहानपणापासून ही कथा मी कीर्तनांत ऐकत आलो. त्या दिवशी त्या हौदापाशी ती उलटी होऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या हातात भांडी होती, पण मी पंढरीच्या वाटेवर नव्हतो. आणि कराडच्या घरी माझ्या जागी जो कुणी उभा होता, आईचे औषध, मुलाची शाळा, दादांचा वारीचा गाठोडा, ती माझी बायको होती. कोणताही देव माझे रूप घेऊन आलेला नव्हता.

2019 ला जायचे ठरवले होते. दौऱ्याचा करार आधीच झालेला होता, मोडता आला असता; मोडला नाही. दादा त्या वर्षी फलटणपर्यंत चालले आणि गाडीने परत आले. कार्तिकात ते गेले.

2020 मध्ये माझे सगळे दौरे रद्द झाले. बारा वर्षांत पहिल्यांदा आषाढात मी कराडात होतो, हातात मृदंग, अंगात बळ. आणि त्याच वर्षी वाटेवर वारी नव्हती. माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. मी ते टीव्हीवर पाहिले. त्याच्या पुढचे वर्षही तसेच.

2022 ला वाट पुन्हा खुली झाली. मी दादांचा मृदंग घेऊन आळंदीला गेलो. दिंडीत पाहतो तर मृदंगावर गावातलाच एक मुलगा, वीस-बावीस वर्षांचा. दादांनीच त्याला तयार केले होते, मी नसताना, आमच्याच ओसरीवर. हे मला कुणी सांगितले नव्हते, किंवा मी कधी विचारले नव्हते. त्याने मला पाहून मृदंग गळ्यातून काढायला सुरुवात केली. विणेकरी बुवांनी मान हलवली. काही न बोलता त्यांनी माझ्या हातात टाळ दिले आणि मागच्या ओळीत जागा दाखवली.

पहिल्या दिवशी राग आला, हे कबूल करतो. जगभर वाजवून आलेल्या माणसाला टाळ? दिवेघाट चढेपर्यंत राग होता, सासवडला खांदे दुखू लागले, आणि मग तो पोरगा वाजवतो कसा ते ऐकू येऊ लागले. दादांची 'धा' त्याच्या हातात होती. माझ्या हातात ती राहिलेली नाही.

तरडगावच्या मुक्कामी, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण करून आलो त्या संध्याकाळी, आमच्या दिंडीचे पाणी आलेले नव्हते. बायामाणसे दिवसभराची तहानलेली. समाज आरतीला उभे राहिलो. चोपदारांनी दंड वर केला, हाळी दिली. तळावर एकदम शांतता पसरली. विणेकरी बुवांनी आमच्याकडे पाहिले. त्या पोराने मृदंगावर थाप मारली, आणि मी टाळ वाजवत राहिलो.