फुटक्या बरणीचें पारितोषिक

आमच्या पाचोडच्या घरीं लोणच्याची एक चिनी मातीची बरणी होती. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरा. आमच्या मातोश्रींनीं ती जन्मभर वापरली व पुढें आमच्या कुटुंबाच्या स्वाधीन केली. दोन वर्षांपूर्वीं ती आमच्या नातवाच्या हातून फुटली. त्या वेळीं आमच्या तोंडून शब्द गेले, "तुझ्या हातीं कांहींहि टिकावयाचें नाहीं." मुलगा दहा वर्षांचा. तो रडला नाहीं. परंतु त्या दिवसापासून कांचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यास हात लावीनासा झाला. पाहुण्यांस चहा नेऊन दे म्हटलें, तर निमित्त काढून बाहेर जाई. आम्हीं तें पाहिलें, आणि मुलास शिस्त लागली असें समजून स्वस्थ राहिलों. सारा जन्म शाळेंत घालवूनहि आम्हांस खरें कारण उमगूं नये, याची आज लाज वाटते.

आमच्या कुटुंबानें बरणीचे तुकडे टाकले नव्हते. एका जुन्या डब्यांत घालून ते माळ्यावर ठेवले होते.

गेल्या वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं पारितोषिकें आणण्याचें काम आमच्याकडे आलें. शहरांतून आणलेल्या सोनेरी प्लास्टिकच्या चषकांचा मुलामा वर्षभरांत उडतो, हा आमचा जुना अनुभव. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, घरोघरच्या फुटक्या कपबशा आणि बांगड्या जमवून आपणच ढाली केल्या तर?" उकिरड्यावरच्या वस्तूंचें पारितोषिक देणें हा मुलांचा अपमान होय, असें आम्हीं तात्काळ सांगून टाकलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

परंतु रात्रीं विचार करूं लागलों, तों आपलें बोलणें आपल्यासच पटेना. प्राचीन अथेन्स नगरांतील उत्सवांत शर्यत जिंकणारास ऑलिव्हच्या तेलानें भरलेले चित्रांकित मातीचे घट मिळत; आज ते जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. टोकियो येथें २०२१ सालीं झालेल्या ऑलिंपिक व पॅरालिंपिक सामन्यांचीं मिळून सुमारें ५,००० पदकें लोकांनीं टाकून दिलेल्या फोन वगैरे यंत्रांतील धातूंचीं होतीं. आपल्या देशांत चंदीगड येथें नेकचंद नांवाच्या रस्त्यांवरील एका सरकारी नोकरानें १९५७ पासून गुपचूप फुटक्या कपबशा व बांगड्या जमवून मूर्ती घडविल्या; ती बाग १९७६ मध्यें लोकांस खुली झाली. आणि अंताजी दामोदर काळे यांनीं एकेक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला, ही गोष्ट तर आम्ही स्वतः वर्गांत सांगत आलों होतों. घरटीं एक पैसा जसा मागितला, तसा घरटीं एक तुकडा मागावा, हें काय वाईट? सकाळीं सूनबाईंस तसें सांगितलें.

आमचा पहिला बेत सर्व तुकडे वितळवून एकजीव करण्याचा होता; तो चुकीचा ठरला. कांच पुन्हां वितळते, आणि कारखान्यांत नव्या मिश्रणांत फुटकी कांच घातल्यास जळण वांचतें, हें खरें. पण बाटलीची कांच व बांगडीची कांच तापतांना सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत, म्हणून एकत्र ओतलेली वस्तु निवतांना तडकते. मातीचा तर प्रकारच निराळा. भट्टींत सुमारें ५०० ते ६०० अंशांवर तिच्या अंगचें पाणी एकदां गेलें, कीं ती कितीहि भिजविली तरी पुन्हां मऊ होत नाहीं. घट फुटला कीं त्याच्या प्रध्वंसाभावास आरंभ असतो पण अंत नसतो, असें जें नैयायिक म्हणतात, त्याचा अर्थ आम्हांस पाठ होता. तो असा हातीं लागला.

तेव्हां तुकडे तुकडेच ठेवून जोडण्याचें ठरलें. ते धुऊन, त्यांच्या धारा पाण्याखालीं सहाणेवर घासून बोथट केल्या. जाड कागदास खळ लावून त्यावर तुकड्यांची झिलईची बाजू खालीं करून नक्षी मांडली. भोंवतीं लांकडी चौकट ठेवून वरून सिमेंट व बारीक वाळू एकास दोन या प्रमाणांत ओतली. सात दिवस ओलें फडकें ठेवलें. मग कागद भिजवून सोलला, कीं नक्षी वर येई.

मांडणीस हलक्या हाताचें कोणी तरी हवें होतें. आमच्या कुटुंबानें माळ्यावरचा डबा काढून नातवापुढें ठेवला आणि म्हटलें, "मधल्या फुलाला हे घे." मुलानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "बाळ, त्या दिवशीं आमचेंच बोलणें चुकलें. बरणी फुटली ती फुटली. पण आम्हीं तसें बोलावयास नको होतें." तो कांहीं बोलला नाहीं, तुकडा मात्र हातीं घेतला.

एकूण पांच ढाली झाल्या. तपकिरी फुलाची ढाल निबंधांत पहिली आलेल्या मुलीस मिळाली. "हा आमच्या घरचा कप," असें म्हणत मुलें व त्यांच्या आया तिच्याभोंवतीं गोळा झाल्या. मातोश्रींच्या बरणीचा तुकडा परक्या घरीं गेला, याचें आमच्या कुटुंबास दुःख झालें असेल असें वाटून आम्हीं विचारलें. "लोणचें तरी आपण एकट्यांनीं कुठें खाल्लें?" एवढेंच त्या म्हणाल्या.

परवां स्वयंपाकघरांत कांहीं फुटल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानें नातू हातांत बशीचे दोन तुकडे घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, हे पुढच्या वर्षासाठीं कुठें ठेवूं?"

आम्हीं डबा दाखविला.