पट्टीमागचा आकडा

फिशटँकचा लाइट गेला की लोक आधी कंपनीचं नाव घेतात. ते झाकणावर ठळक छापलेलं असतं, पण सुटा भाग मिळवताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. आतली ट्यूब एकाची असते, होल्डर दुसऱ्याचा, चोक तिसऱ्याचा. उपयोगी पडतो तो प्रत्येक भागावर बारीक अक्षरात छापलेला आकडा. वनस्पतींच्या टाक्या सांभाळण्याचं आणि त्यांचे लाइट दुरुस्त करण्याचं माझं काम म्हणजे बरंचसं हे आकडे वाचण्याचंच काम आहे.

फोन आला की मी आधी विचारतो, टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडताय का? सोडत असाल तर लगेच बंद करा. उजेड नसला की झाडं तो वायू घेत नाहीत, तो पाण्यात साठतो आणि मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकायला लागतात. लाइटचं नंतर बघू.

चार फुटी टाकीवरची टी-५ पट्टी घ्या. ही ट्यूब साधारण १६ मिलिमीटर जाड, लांबी ११४९ मिलिमीटर, आणि टोकाच्या दोन पिनांमधलं अंतर ५ मिलिमीटर. याच मापात दोन ट्यूब मिळतात, २८ वॅटची आणि ५४ वॅटची. दोन्ही त्याच होल्डरमध्ये चपखल बसतात, आणि घोळ नेमका इथेच होतो. ५४ वॅटच्या चोकवर २८ ची ट्यूब लावली तर तिच्यातून झेपणार नाही इतका करंट जातो, टोकं काळी पडतात आणि ट्यूब लवकर संपते. म्हणून जुनी ट्यूब नुसती मापून नवी आणू नये, चोकवर काय लिहिलंय तेही टिपून घ्यावं. ट्यूबवर ८६५ असं असेल तर त्यातल्या ६५ चा अर्थ ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश. झाडांना तो मानवतो.

पण माझ्या अनुभवात ट्यूबइतकाच दगा होल्डर देतो. टाकीतून वर येणारी वाफ रात्रभर त्याच्यावर बसते. उघडून पाहिलं तर पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असतं आणि पितळी पात्यावर हिरवी पूड धरलेली असते. नखाने खरवडली तर खाली खड्डे दिसतात. समुद्री टाकीवर मिठाचा थर आणखी लवकर चढतो. असं पातं घासून चालवायचा मोह होतो, पण तिथे ठिणगी पडते, आणि खाली पाणी आहे. होल्डर बदलायचाच. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना होल्डर हातात घेऊन गेलं की जोडीदार सापडतो. मात्र रबरी कड्याचा, पाणी आत न जाऊ देणारा होल्डर माशांच्या दुकानात विचारावा लागतो.

एलईडीच्या पट्ट्यांत आकडे वेगळे, रीत तीच. बारा एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक उघडा पडला की सगळी ओळ विझते. मेलेल्या एलईडीच्या पिवळ्या चौकोनात बहुधा मधोमध काळा ठिपका दिसतो. ठिपका कुठेच नसेल तर संशय ड्रायव्हरवर. त्याच्यावर ‘३०० मिलीअँपिअर, ३० ते ४२ व्होल्ट’ असं काही छापलेलं असतं. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, बारांचे झाले ३६. करंट तोच हवा आणि हे ३६ नव्या ड्रायव्हरच्या पल्ल्यात बसायला हवेत. दुकानात जाऊन नुसतं ‘बारा वॅटचा द्या’ म्हटलं तर काहीही हातात पडतं.

ट्यूबचे दिवस भरत आलेत. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून टी-५ आणि टी-८ ट्यूब नव्याने बाजारात आणणं थांबवलं, आणि पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारातही त्यांची मुदत २०२७ अखेरपर्यंतच आहे. त्यात पारा असतो, तेव्हा हे योग्यच झालं. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की त्या पट्ट्यांचा प्रत्येक भाग ठरलेल्या मापाचा होता आणि कुठल्याही गावात मिळायचा. आता येणारे पुष्कळ लाइट चिकटवून बंद केलेले असतात. पाणी आत जाऊ नये हे कारण खरं आहे, पण रबरी पट्टी आणि चार स्क्रूंनीही पाणी अडतं. तीस-चाळीस रुपयांच्या भागासाठी अख्खा लाइट कचऱ्यात जाताना बघवत नाही.

तेव्हा नवा लाइट घेताना तो दुकानातच उलटा करून बघा. मागे स्क्रू असतील, अडॅप्टर बाहेर वेगळा असेल आणि त्यावर व्होल्ट-अँपिअर स्पष्ट छापलेले असतील, तर थोडे जास्त पैसे पडले तरी तोच घ्या. आणि घरी आल्यावर त्या छापील मजकुराचा फोटो काढून ठेवा. दमट हवेत ती अक्षरं लाइटच्या आधी पुसली जातात.