चोवीस फुटांचं रान

कॅलिफोर्नियात ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, बाळगणाऱ्यांचा उन्हाळा हिवाळ्यातच ठरून जातो. बाहेर पावसाची रिपरिप चालू असते, ट्रेलर ताडपत्रीखाली गप्प उभा असतो आणि घरातली मंडळी भल्या सकाळी जुलै महिन्याची वाट पाहत आपापल्या पडद्यांसमोर बसलेली असतात. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीतल्या मुक्कामाच्या बऱ्याच जागा पाच महिन्यांपर्यंत आधी, महिन्याच्या १५ तारखेला, सकाळी ७ वाजता आरक्षणासाठी खुल्या होतात. सातला एक मिनिट कमी असताना घरात कुणी बोलत नाही. सात वाजून थोडा वेळ होतो न होतो तोच शनिवार-रविवार संपलेले असतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण उघडताक्षणी भरताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही धडधड वेगळी समजावून सांगायला नको.

आणि तरीही जागा मिळते कधीतरी. मिळाली की घरभर आनंद होतो. त्या दिवसापासून जाण्याच्या दिवसापर्यंतचे महिने मला फार आवडतात. त्या महिन्यांत ती जागा आमच्या मनात वाढत राहते. तिथे नदी असते आणि तिचा आवाज अंथरुणापर्यंत येतो. सकाळचा चहा दाराच्या पायरीवर बसून प्यायचा असतो. मुलीची सायकल झाडांमधून फिरत असते. आरक्षणाच्या पानावर यातलं काहीच नसतं. तिथे असतो जागेचा क्रमांक, लांबी, ट्रेलर मागे घेऊन लावायचा की सरळ आत नेऊन पलीकडून बाहेर काढता येतो, वीज ३० अँपिअरची की ५०ची, पाणी आहे का, सांडपाण्याची जोडणी आहे का, सावली आहे का. उतार कुठल्या बाजूला, फांदी किती खाली आलेली, रात्री कशाचा आवाज येतो, हे तिथे गेल्यावरच कळतं.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, त्या उन्हाळ्यात आम्ही एका खासगी आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या तळावर, नदीकाठची जागा घेतली. सगळ्या जोडण्या असलेली, सपाट, काँक्रीटची. नदी होती, पण तारेच्या जाळीपलीकडे, आणि तिच्यावरून हायवेचा पूल गेलेला. शेजारच्या ट्रेलरची सांडपाण्याची नळी आमच्या जेवणाच्या टेबलापासून हातभर अंतरावर. सासूबाईंनी खुर्ची नदीकडे तोंड करून मांडली, शाल लपेटून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पाणी दिसतंय, पण ऐकू येत नाही." रात्रभर ट्रक जात राहिले. ‘नदीकाठ’ लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, पण पुलाचं नाव घ्यायचं टाळलं होतं. पाहुणा दूरवरून, महिनोन्‌महिने मनाशी काही धरून येतो. त्याला पूल आधी सांगायला हवा. तेवढा मान प्रत्येक वाटसरूला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

रेडवूडच्या रानातल्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये झालेली निराशा मात्र वेगळ्या जातीची होती. तिथे आवाज नव्हता, गर्दी नव्हती. होती ती अडचण. एकेरी वळणाचा अरुंद रस्ता, त्यातून फुटलेला आखूड फाटा, फाट्याच्या कडेला गुडघ्याएवढा दगड. दिवस मावळत आलेला. मी बॅटरी घेऊन मागे उभी, नवरा गाडीत. "घे, घे, अजून घे... डावीकडे... थांब, थांब!" मागचं चाक दगडापासून चार बोटांवर. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. बॅटरीच्या उजेडात मी तो दगड नीट पाहिला. त्याच्या रस्त्याकडच्या अंगावर रंगांचे ओरखडे होते: पांढरे, हिरवट, एक चंदेरी, एकावर एक. आमच्याआधी आलेल्या किती ट्रेलरांनी तिथे अंग घासलं होतं! हा धोंडा कुणी हलवत का नाही, असं दुसऱ्या दिवशी तिथल्या देखरेखीच्या बाईंना विचारलं, तर त्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो त्याच्यासाठी ठेवलाय."

त्या दगडाला इतिहास आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारी घरोघरी आल्या आणि लोक थेट झाडांखाली गाड्या नेऊन मुक्काम करू लागले. ई. पी. माइनेके हे वनस्पतिरोगांचे सरकारी तज्ज्ञ. त्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कॅलिफोर्नियातल्या रेडवूड उद्यानांत पाहणी केली. रेडवूड तीनशे फुटांवर उंच जातो, पण त्याची मुळं खोल जात नाहीत; जमिनीच्या वरच्या थरातच दूरवर आडवी पसरतात. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली गेली की तिच्यात पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि झाड कुऱ्हाडीशिवायच खंगत जातं. माइनेके यांनी माणसांना रान बंद केलं नाही. त्यांनी जागा आखून दिली: एकेरी रस्ता, त्याला तिरपे फाटे, प्रत्येक फाट्याला एक टेबल आणि एक चूल, आणि गाडीने हद्द ओलांडू नये म्हणून कडेला दगड किंवा ओंडके. १९३२ साली त्यांनी हे धोरण लिहून काढलं. पुढच्याच वर्षी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर उभा राहिला आणि मंदीत बेकार झालेल्या तरुणांनी त्याच पद्धतीने देशभर कॅम्पग्राउंड बांधली. आज पडद्यावर क्रमांकासकट दिसणारी, आपण धडधडत्या छातीने राखून ठेवतो ती जागा, म्हणजे ही आखणी.

तेव्हाची मोटार छोटी होती. आमची घरं नंतर लांबली. त्यांत फ्रिज आला, न्हाणीघर आलं, बाजूला सरकून रुंद होणाऱ्या भिंती आल्या. मॉडेलच्या नावातला आकडाही बहुतेकदा पूर्ण लांबी सांगत नाही. पुढचा जोडणीचा दांडा धरला की आणखी तीन-चार फूट वाढतात. योसेमिटीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे आणि पार्कात कुठेच वीज-पाण्याची जोडणी नाही. हे वाचून हळहळणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांची हळहळ मला समजते. म्हाताऱ्या आईवडिलांना तंबूत जमिनीवर झोपवता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही पहाटे धबधबा पाहावासा वाटतो. ट्रेलर ही त्यांची रानात पोचायची वाट आहे. पण फाटा दहा फुटांनी लांबवायचा म्हणजे ती लांबी कुणाच्या तरी मुळांवरून न्यायची. ज्या सावलीसाठी आपण एवढा आटापिटा केला, ती त्याच मुळांची आहे. घरही पूर्ण हवं आणि रानही पूर्ण हवं, हे एका जागी जमत नाही.

कधी नदीही आपला वाटा परत घेते. जानेवारी १९९७मध्ये मर्सेड नदीला महापूर आला आणि योसेमिटी दरीतली अप्पर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंड त्यात गेली. ती पुन्हा उघडली नाहीत. नदीच्या पूरपट्ट्यात पुन्हा मुक्काम मांडला नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं, जरी त्याचा अर्थ सकाळी सात वाजता आणखी काही कुटुंबांच्या हाती काही न लागणं असा होत असला तरी.

झाडाने घातलेली मर्यादा मी आनंदाने मानते. माणसाने केलेली नासाडी मात्र मला सोसत नाही. भर जुलैत, सगळं भरलेलं असताना, वळणावर एखादी जागा रिकामी दिसते. खांबाला नाव आणि तारखांची चिठ्ठी लटकलेली असते. टेबलावर पाइनच्या सुया साचलेल्या, चूल थंड. कुणीतरी राखून ठेवली आणि आलंच नाही, रद्दही केली नाही. तिकडे दारावरून मुलाबाळांची गाडी परत फिरलेली असते. अशा न वापरलेल्या जागा त्याच दिवशी पुढच्या माणसाला मिळायला हव्यात. काही थोड्या जागा जो आधी येईल त्याच्यासाठी ठेवायला हव्यात. नोकरीच्या पाळ्यांमुळे ज्यांना पाच महिन्यांनंतरची सुट्टी आज सांगता येत नाही, त्यांचाही या रानावर तेवढाच हक्क आहे. आणि आपण जाणार नसू, तर त्याच दिवशी रद्दचं बटण दाबायला हवं.

नवा ट्रेलर घ्यायचा म्हणून कुणी विचारायला आलं, की मी त्यांना आधी विक्रेत्याकडे जाऊ नका म्हणते. जिथे राहायची इच्छा आहे त्या रानात एकदा रिकाम्या गाडीने जा, फाटे पाहा, दगड पाहा, टेप घेऊन लांबी मोजा. झाडांनी किती जागा सोडली आहे ते कळलं, की मग त्या मापाचं घर घ्या.