यंत्राआधी शिक्षण

मुलांच्या हौसेला सरसकट नाही म्हणू नये. पण डोळे मिटून होही म्हणू नये, असं माझं मत. माझ्या भाच्यानं पॅरामोटरचा ध्यास घेतला. पाठीवर पंख्याचं वीस-तीस किलोंचं इंजिन, डोक्यावर कापडी छत्र. धावायचं नि उडायचं! "मावशी, तुमच्या पूर्णगडला येतो. खाडीपलीकडे गावखडीच्या वाळूवरून उडेन," म्हणाला. त्याची आई रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे पोहायला शिकवतानासुद्धा आधी पाठीला सुके नारळ बांधतात! रीतसर शिक, मग ये."

पुण्याजवळ कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात. तिथे सुरुवातीला नुसतं जमिनीवर छत्र सांभाळायचं. मग इंजिनाशिवाय उडणं, इंजिन त्यानंतर. तो सांगतो ते असं : मांड्यांचे पट्टे आधी तपासायचे. वाऱ्याला तोंड करून धावायचं. छत्र डोक्यावर सरळ आलंय, दोऱ्यांत गुंता नाही, हे बघून मगच इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. पाय उचलले गेले तरी लगेच बसायचं नाही. जरा शंका आली की थांबायचं.

पूर्णगडचा बेत मात्र त्यानं आपणहून सोडला. पहाटेचे मतलई वारे समुद्राकडे ओढतात, जवळच मुचकुंदीची खाडी. पाण्यात पडलं तर पाठीवरचं ओझं नि दोऱ्या माणसाला वर येऊ देत नाहीत. हे त्यानंच मला समजावलं.

मैत्रिणींनो, शिकलेलं मूल "आज नको" म्हणायलाही शिकतं. म्हणून पैसे द्यायचेच तर यंत्राआधी शिक्षणाला द्या.