आपापल्या वेगाचे चाक

वस्तू वापरण्यापेक्षा ती निवडण्यातच अधिक सुख असते, असे ज्यास वाटत असेल त्याने सायकलची चाके ऑनलाइन निवडून पाहावीत. आमची सायकल ग्रॅव्हेल जातीची. म्हणजे डांबर संपून खडी-माती सुरू झाली तरी कुरकुर न करणारी. तिला खोल रिमची चाके घ्यावीत असे आमच्या मनाने घेतले, आणि पुढले पंधरा दिवस आमच्या संध्याकाळी पडद्यापुढे गेल्या.

खोल रिमचा मोह प्रथम डोळ्यांना पडतो. रिमची खोली पन्नास मिलिमीटर झाली की भिंतीशी टेकलेली सायकलही धावत असल्याचा भास होतो. विक्रेते मात्र रूपाचे नाव न काढता वाऱ्याचे बोलतात, आणि त्यांचे बोलणे खोटे नव्हे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाप्रमाणे. वेग दुप्पट तर शक्ती आठपट. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या शर्यतपटूस म्हणूनच ही बचत मोलाची. आम्ही पडलो पन्नाशी ओलांडलेले; पानशेतच्या बाजूस वळलो म्हणजे ताशी २० ला समाधान मानणारे. आमच्या वाट्यास त्या बचतीचा जेमतेम अष्टमांश यावयाचा!

शिवाय यात एक गोम आहे. टायरवरून आलेला वारा रिमला चिकटून वाहावा, तर रिमची बाहेरची रुंदी टायरच्या निदान १०५ टक्के असावी, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आमचे टायर ४० मिलिमीटरचे. त्या हिशेबाने रिम ४२ ची हवी. बाजारातील बहुतेक ग्रॅव्हेल चाकांची रिम याहून पुष्कळ अरुंद असते. उलट बाजूचा वारा सुटला की हीच खोल रिम शिडासारखी फुगते आणि पुढचे चाक हँडलशी भांडू लागते.

तरीही निवड करावयाची म्हणजे पत्रिका जुळविणे आलेच. आस पुढे १०० व मागे १४२ मिलिमीटरचा आहे ना? ब्रेकची तबकडी सहा स्क्रूंची की सेंटरलॉकची? मागचा हब शिमानोच्या दात्यांचा की स्रामच्या? रिमला आत कड नसेल, तर हवेचा दाब ५ बारच्या पुढे नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. इतके गुण जुळले तरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम नाहीच! पेठेतला सायकल-मिस्त्री चाक गरकन फिरवितो, रिमजवळ बोट धरून आउट पाहतो, दोन तारा चिमटीत दाबून त्यांचा ताण सांगतो. पडद्यावरचे चाक फिरत नाही आणि तार बोलत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी किंमत पाहिली. ती एका नव्या सायकलीच्या किमतीहून फारशी कमी नव्हती. त्यांनी एवढेच विचारले, "हे आडरानात मोडले तर दुरुस्त कोण करणार?" आमच्या सर्व आकडेमोडीत हाच प्रश्न राहिला होता. खोल रिमला तारा आखूड लागतात, आणि त्या खेड्यातल्या दुकानात मिळत नाहीत. काही चाकांत निपल रिमच्या पोटात दडलेले असतात. आउट काढण्यापूर्वी टायर उतरवावा लागतो.

अखेर आम्ही ३० मिलिमीटर खोलीची, २८ तारांची, बाहेरून निपल फिरविता येणारी ॲल्युमिनियमची चाके मागविली, आणि जास्तीच्या चार ताराही. ती आली त्या दिवशी मिस्त्रीकडून तारांचा ताण पाहून घेतला. आमचा एक जुना विद्यार्थी पन्नास मिलिमीटरच्या चाकांवर आमच्या पुढून सूं सूं करीत निघून जातो. तो आवाज आम्हांला अजूनही आवडतो. या वयात वेग विकत मिळाला असता तर आम्ही तो घेतलाही असता; पण दुकानात मिळतात ती चाके. वेग ज्याचा त्याने घरून न्यावयाचा असतो.