आखूड बंदूक

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात दर वर्षी किल्ला होतो. दगड, माती, विटांचे तुकडे आणि दोन जुनी पोती एवढ्या भांडवलावर मुले चार दिवसांत गड उभा करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मग बाजारातून मातीची चित्रे आणतात. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी गवळण आणि दरवाजापाशी हटकून एक खाकी पोशाखाचा बंदूकधारी शिपाई. शिवकाळात हा गृहस्थ कुठून आला, असे कोणी विचारत नाही. लहानपणी मीही विचारले नव्हते.

यंदा त्या शिपायाच्या बंदुकीचे टोक पिशवीतच मोडले. नखाएवढा तुकडा गेला, पण त्यावरून अंगणात मोठे भांडण जुंपले. माझ्या मुलीचे म्हणणे, बंदुकीची सगळी शोभा गेली. शेजारच्या मुलाचे म्हणणे, आखूडच बरी; दरवाजातून आत-बाहेर करताना अडकत नाही. शेवटी खटला माझ्याकडे आला. "बाबा, तुम्ही चित्रकलेचे सर ना? मग सांगा, कशी दिसते?"

मी मॅट्रिक झालेला, पुढे चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत मास्तर झालेला माणूस. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. बंदूक कशी दिसते याबद्दल मला पुष्कळ बोलता येईल. ती कशी उपयोगी पडते हे सांगण्याचा अधिकार मात्र आमच्या घरात एकाच माणसाला होता, आणि तो माणूस आता नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पोलीस हवालदार होते. तालुक्याच्या गावी सरकारी खजिन्यावर त्यांचा पहारा असे. दुपारी त्यांचा डबा घेऊन मी जाई, तेव्हा ते ओसरीवर उभे असत आणि खांद्याशी ती बंदूक असे. तिला सगळे थ्री नॉट थ्री म्हणत. नळीचा व्यास एक इंचाच्या तीनशेतीन सहस्रांश, म्हणून हे नाव. वजन चार किलो, पेटीत दहा काडतुसे, आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा.

खरे सांगायचे तर मला त्या बंदुकीची लाज वाटे. सिनेमातल्या बंदुका कशा सडपातळ! हिचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेले. पुढे निमुळते होत जाणारे काही नाहीच. एकदम बोथट तोंड, त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कान आणि खाली संगीन अडकवायची बोंडी. समोरून पाहिले की घुशीचे तोंड दिसे. एकदा मी आबांना तसे म्हणालोही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "घूस भिंत पोखरते, तेव्हा तिचं तोंड कोण बघतो?"

नववीत असताना वाचनालयातल्या एका जुन्या सचित्र पुस्तकात मला दुसरी बंदूक दिसली आणि मी तिच्या प्रेमातच पडलो. जात तीच, थ्री नॉट थ्रीची; पण लाकूड मागेच थांबवून पुढची नळी उघडी ठेवलेली. नळीच्या टोकाला धोत्र्याच्या फुलासारखे पसरत गेलेले लोखंडी फूल. दस्त्याच्या शेवटी रबराची गादी. सगळे कसे आटोपशीर! एकही रेघ जास्तीची नाही. तिला जंगल कार्बाईन म्हणत. कागदोपत्री नाव नुसते नंबर पाच. १९४४ ते १९४७ या काळात ती इंग्लंडात तयार झाली. ब्रह्मदेश-मलायाच्या रानात लांब बंदूक वेलींत अडकते, म्हणून हिला आखूड आणि हलकी केली. टोकाचे फूल गोळी सुटतानाची आग झाकण्यासाठी होते.

मी तिचे चित्र पेन्सिलीने काढले, छाया भरली आणि रात्री जेवण झाल्यावर आबांपुढे ठेवले. मनात होते, एकदा तरी हे कबूल करतील की बंदूक सुंदर असू शकते. आबांनी चित्र कंदिलाजवळ नेले, मग हात लांब करून दूर धरले आणि बराच वेळ पाहिले.

"वजन किती रे हिचं?"

"सव्वातीन किलो."

"आणि काडतूस?"

"तुमचंच."

"मग उरलेला धक्का कोण खाणार?" आबा म्हणाले. "बारूद तेवढीच, बंदूक हलकी. खांदा फुटेल. हे रबर एवढंसं लावून काय होतंय!" मग थोडे थांबून म्हणाले, "पण चित्र झकास काढलंयस."

पुढे मी तिच्याविषयी मिळेल ते वाचले. आबांनी चित्र पाहून सांगितले, तेच सैनिकांनी सांगितले होते. धक्का जबर, आवाज कानठळ्या बसवणारा; रबराची गादी अरुंद आणि कालांतराने दगडासारखी कडक होणारी. शिवाय आणखी एक तक्रार होती. आज नेम बसवून ठेवावा, तर उद्या गोळी दुसरीकडेच जाते. वजन उतरवण्यासाठी ठिकठिकाणी लोखंड कोरून काढल्याचा हा परिणाम, असे काहींचे म्हणणे. खरे कारण कोणते यावर एकमत आजही नाही. पण तीन वर्षांत तिचे उत्पादन बंद झाले. आज मात्र जुन्या बंदुकांचे शौकीन तिच्यासाठीच जीव टाकतात. दिसते ना छान!

गंमत पुढेच आहे. ज्या बंदुकीला मी घूस म्हणत होतो, तीही मुळात आखूडच केलेली. त्याआधी इंग्रजांच्या पायदळाकडे साडेएकोणपन्नास इंचांची लांब बंदूक होती आणि घोडदळाकडे निराळी छोटी. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धानंतर त्यांनी ठरवले की दोघांना मिळून एकच बंदूक द्यायची. लांब बंदुकीची पाच इंच नळी कमी केली आणि साडेचव्वेचाळीस इंचांची ही बंदूक निघाली. तेव्हा जाणत्यांनी तिच्यावर तोंडसुख घेतले. नळी आखूड, नेम कसा लागणार? संगिनीचा पल्ला कमी, घोडेस्वाराला शिपाई भोसकणार कसा? म्हणून १९०७ साली तिला सतरा इंच पात्याची संगीन दिली. तरी टीका थांबेना. १९१३ साली तिच्या जागी आणायच्या नव्या बंदुकीचा नमुनाही तयार झाला. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि बेत बारगळला. त्या युद्धात तयारीचा शिपाई हिच्यातून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडी. टीकाकार गप्प झाले. आपल्याकडे बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही होत राहिली.

म्हणजे पहिल्यांदा पाच इंच कापले, तेव्हा सगळ्यांनी नाक मुरडले आणि बंदूक दोन पिढ्या टिकली. आणखी पाच इंच कापून नंबर पाच केली, तेव्हा ती देखणी झाली आणि तीन वर्षांत संपली. चित्रकलेच्या मास्तराने यातून काय शिकावे?

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. त्या रात्री आबांनी माझे चित्र हात लांब करून पाहिले होते, हे मला नंतर आठवले. त्याच महिन्यात वार्षिक चांदमारी होती. चार दिवस आधी आबांनी मला माडीवर बोलावले आणि एक चमत्कारिक काम दिले. मच्छरदाणीच्या काठीवर पुठ्ठ्याची खाच बसवायची आणि काठीच्या टोकाला टाचणी उभी करायची. बंदुकीवर नेम धरण्यासाठी मागे खाच असते आणि पुढे माशी. खाचेच्या मधोमध माशी दिसली पाहिजे आणि माशीच्या टोकावर निशाण. आबांनी काठी खांद्याला लावली, भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोखली आणि मला विचारले, "तुला कसं दिसतं, ते काढून दाखव."

मी कागदावर खाच काढली, तिच्यात टाचणी काढली, अगदी रेखीव. आबांनी कागद दूर धरून पाहिला. "इतकं स्वच्छ?"

"हो."

"मला टाचणी दिसते," ते हळू आवाजात म्हणाले. "ती लांब आहे ना. खाच मात्र पाण्यात विरघळल्यासारखी दिसते." मग हसून म्हणाले, "तुझी ती सुंदर बंदूक मला दिली असती, तर माशीसुद्धा जवळ आली असती. मग तीही विरघळली असती. आपली लांबच बरी."

त्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. चाळिशी कधीच लागली होती आणि ती ते लपवीत होते. पहाऱ्यावरच्या हवालदाराने चष्मा लावायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. पाठोपाठ चार रात्री ते माडीवर काठी धरून बसले. मला सगळे कळत होते. आईला सांगावे, चष्म्याचे बघा म्हणावे, असे रोज मनात येई. पण आबांनी मला विश्वासात घेतले होते, आणि चौदा वर्षांच्या मुलाला त्या विश्वासाचे मोल चष्म्यापेक्षा जास्त वाटले. मी गप्प बसलो.

चांदमारीहून आबा संध्याकाळी आले. खांद्याला काळानिळा डाग होता. आईने तेल गरम करून चोळले. किती नेम लागले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दिवाळी झाल्यावर त्यांची बदली पहाऱ्यावरून बारनिशीत झाली. आलेले कागद, गेलेले कागद. तिथे पहिल्याच आठवड्यात चष्मा घ्यावा लागला.

बंदूक कोतात जमा करण्याच्या दिवशी मी डबा घेऊन गेलो होतो. आबांनी दोरीला चिंधी बांधून नळीतून तीनदा ओढली आणि दस्त्याच्या पितळी झाकणाआडची तेलाची कुपी जागेवर आहे की नाही ते पाहिले. नळी उजेडाकडे धरून मला म्हणाले, "बघ आत." आत स्वच्छ चकचकीत पीळ फिरत गेले होते. वीस-बावीस वर्षे ती बंदूक त्यांच्याबरोबर उभी होती, आणि चांदमारीचे मैदान सोडले तर तिच्यातून त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती. "हिची काही चूक नव्हती," एवढेच ते म्हणाले.

त्या वाक्यानंतर मी तिला पुन्हा घूस म्हटले नाही.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा आबा निवृत्त होऊन घरी होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर एके ४७. दूरदर्शन संचावर लोक त्या बंदुकीला हसत होते, चिडत होते. मला वाटले, आबा तिची बाजू घेतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मिनिटाला पंधरा हे आमच्या वेळी पुष्कळ होतं. आता तिला घरी पाठवा. आणि त्या पोरांना हसू नका म्हणावं. हातात जे दिलं ते घेऊन उभी राहिली ना?"

आबा गेल्यानंतर एकदा नंबर पाचचे आराखडे पुन्हा पाहत होतो, तेव्हा इतक्या वर्षांत न पाहिलेली एक गोष्ट दिसली. तिच्यावर नेमासाठी मागे खाच नव्हतीच. डोळ्याच्या अगदी जवळ एक बारीक भोक होते. भोकातून नुसते पाहायचे. भोकावर नजर ठरवावी लागत नाही. खाच ज्यांना विरघळलेली दिसते, त्या डोळ्यांना ही मोठीच सोय. म्हणजे त्या सुंदर, आखूड, बदनाम बंदुकीने खांद्याचा जीव घेतला असता, पण आबांच्या डोळ्यांना तिने सांभाळून घेतले असते. चित्र काढताना मी ते भोक एक बिनमहत्त्वाचा ठिपका समजून गाळले होते. तेवढा ठिपका काढला असता, तर आबांनी नक्की विचारले असते, "हे काय रे?" मग कदाचित डोळ्यांची गोष्ट त्याच रात्री निघाली असती.

अंगणात मुले अजून निकालाची वाट पाहत होती. मुलीने तोवर आगकाडी चिकटवून बंदूक लांब केली होती, आणि आता ती खरोखरच दरवाजाला अडत होती. मी म्हटले, "शिपायाला बाहेरच उभा करा. पहारा बाहेरूनच करायचा असतो." दोन्ही पक्षांना हे पटले.

मग मी बारीक कुंचला घेतला आणि शिपायाच्या डोळ्यांवर दोन काळी वर्तुळे काढली.

"बाबा, पोलिसाला चष्मा असतो का?" मुलीने विचारले.

"असतो," मी म्हणालो.